न दुखणारी गाठ

स्तनाच्या कर्करोगाची गाठ सुरुवातीला बहुतेक वेळा दुखत नाही. या आजाराबद्दल सांगण्यासारखे पुष्कळ आहे, पण सगळ्यात आधी बायकांच्या कानावर पडायला हवे ते हेच. आपल्याकडे दवाखान्याची पायरी चढायची ती दुखणे अंगावर काढणे अशक्य झाले म्हणजे. अमरावती-अकोल्याकडच्या खेड्यांत बाई सरळ विचारते, ‘दुखत नाई त दवाखान्यात कायले जाचं?’ प्रश्न रोखठोक आहे, आणि इतर कित्येक आजारांत तो चुकीचाही नाही. इथे मात्र तो उलटा पडतो. पाळीच्या आधी ठणकणारी, किंवा अंगावर पाजणाऱ्या आईच्या छातीत दूध साकळून आलेली, लालबुंद होऊन ताप आणणारी गाठ बाईला लवकर दवाखान्यात नेते आणि ती बहुधा साधी निघते. जी गाठ मुकाट बसून राहते, कामाच्या आड येत नाही, रात्रीची झोप मोडत नाही, ती महिनोन्महिने तशीच राहून जाते.

अमरावतीला हा धडा जुना आहे. डॉ. शिवाजीराव पटवर्धनांनी जिथे कुष्ठरुग्णांसाठी तपोवन उभे केले, त्या शहराने कुष्ठरोग जवळून पाहिला आहे. कुष्ठरोगाचा पहिला चट्टाही दुखत नाही, खाजत नाही, आणि म्हणूनच तो दुर्लक्षित राही. न दुखणारा चट्टा आधी दाखवा, हे आरोग्यसेवकांनी विदर्भात घरोघर जाऊन सांगितले आणि लोकांच्या अंगवळणी पाडले. स्तनातल्या गाठीबाबत ते काम अजून व्हायचे आहे.

भारतातल्या स्त्रियांना होणाऱ्या कर्करोगांत स्तनाचा कर्करोग आता पहिल्या क्रमांकावर आहे. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेच्या अंदाजानुसार २०२२ या एका वर्षात देशात सुमारे १ लाख ९२ हजार स्त्रियांना तो नव्याने झाला आणि सुमारे ९८ हजार स्त्रिया त्याने दगावल्या. जन्मभराचा हिशेब मांडला तर साधारण २९ बायकांमागे एकीला हा आजार गाठतो. शहरात प्रमाण जास्त, खेड्यात कमी. पण खेड्यातही ते वाढते आहे. वऱ्हाडाच्या पूर्वेला वर्धा नदी ओलांडली की सेवाग्रामच्या महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्थेत वर्धा जिल्ह्यातल्या कर्करुग्णांची रीतसर नोंदणी होते. तिथल्या आणि नागपूरच्या नोंदवहीतही बायकांच्या कर्करोगांत स्तनाचाच कर्करोग वरचढ आहे. अमरावती आणि अकोल्याचे जगणे, शेती, खाणेपिणे या जिल्ह्यांहून फारसे वेगळे नाही.

आजार झालेल्यांपैकी पाच वर्षांनंतर किती जणी हयात असतात, हा आकडा अधिक बोलका आहे. २०१० ते २०१४ या काळात आजाराचे निदान झालेल्या भारतीय स्त्रियांपैकी ६६ टक्के पाच वर्षांनंतर जिवंत होत्या. अमेरिकेत त्याच काळात हे प्रमाण ९० टक्के होते. भारतातल्याच नोंदवह्यांचा अलीकडचा अभ्यास सांगतो की, आजार स्तनापुरता असताना उपचार सुरू झाले तर पाच वर्षे पार करणाऱ्या बायका ८१ टक्के असतात, काखेतल्या गाठींपर्यंत पोहोचला असेल तर सुमारे ६५ टक्के, आणि हाडे, फुप्फुस, यकृत अशा लांबच्या अवयवांत गेला असेल तर १८ टक्के. औषधे बरीचशी तीच आहेत. बाई कोणत्या टप्प्यावर येते आणि घेतलेला उपचार पुरा करते का, यावर पुढचे सगळे ठरते. भारतात निम्म्याहून अधिक जणी उशिराच्या टप्प्यावर येतात.

स्तन म्हणजे दूध तयार करणाऱ्या ग्रंथींचे १५ ते २० खंड, त्या दुधाला बोंडापर्यंत आणणाऱ्या नळ्या, मध्ये भरलेली चरबी आणि सगळ्याला बांधून ठेवणारे तंतू. कर्करोग बहुतेक वेळा या नळ्यांच्या आतल्या अस्तरात सुरू होतो. पेशी बेसुमार वाढू लागतात, नळीची भिंत भेदून बाहेर पडतात आणि मग रसवाहिन्यांतून काखेकडे जातात. हे सगळे एका रात्रीत होत नाही. १ सेंटीमीटरची गाठ हाताला लागते, तेव्हा तिच्या मागे बहुधा काही वर्षांची वाढ असते. म्हणून गाठ लागली की आज रात्रीच मुंबई गाठण्याची गरज नसते. पण ती तशीच ठेवून पुढच्या हंगामाची वाट पाहण्याइतकी सवडही नसते.

स्तनात लागणाऱ्या बहुतेक गाठी कर्करोगाच्या नसतात, हेही तितक्याच ठामपणे सांगायला हवे. पंधरा ते तीस वयाच्या मुलींत गुळगुळीत, बोटाखालून निसटणारी गाठ लागते. ती बहुतकरून फायब्रोॲडिनोमा असते. चाळिशीच्या आसपास पाण्याने भरलेल्या गाठी होतात. पाळीच्या चार-आठ दिवस आधी दोन्ही स्तन जड होतात, खरखरीत लागतात, दुखतात, आणि पाळी आली की मोकळे होतात. पाजणाऱ्या आईला गळू होते. स्तनाचा क्षयरोगही आपल्याकडे आढळतो. यातली कोणती गाठ कशाची, हे बाईने घरी ठरवायचे नसते आणि शेजारणीने तर मुळीच ठरवायचे नसते. नवीन काय दिसते आहे एवढेच ओळखायचे आणि ते दाखवायचे.

नवीन म्हणजे काय? स्तनात किंवा काखेत लागणारी गाठ किंवा कडकपणा, जो पाळी होऊन गेल्यावरही जात नाही. एका स्तनाच्या आकारात अलीकडे पडलेला फरक. कातडीला खळी पडणे, ती आत ओढली जाणे. कातडी जाड होऊन तिच्यावर बारीक खड्डे दिसणे. वैद्यकात याला संत्र्याच्या सालीची उपमा देतात, आणि वरुड-मोर्शीच्या संत्रापट्ट्यात ती कुणाला वेगळी समजावून सांगावी लागत नाही. आजवर बाहेर असलेले बोंड आत वळणे (जन्मापासूनच आत असेल तर काळजीचे कारण नाही). बोंड न दाबता आपसूक येणारा स्राव, विशेषतः एकाच बाजूचा आणि रक्ताचा. बोंडावर खरजेसारखी, मलमाने बरी न होणारी जागा. आणि पाजत नसताना स्तन लाल, गरम होऊन सुजणे व औषधाने न ओसरणे. शेवटची खूण विशेष सांगायची, कारण कर्करोगाचा एक झपाट्याने वाढणारा प्रकार गाठीवाचूनच, असा सुजेच्या रूपात येतो आणि गळू समजून त्यावर दिवसचे दिवस जातात.

स्वतःची तपासणी महिन्यातून एकदा केली तरी पुरे. पाळी चालू असलेल्या बाईने पाळी सुरू झाल्यापासून सातव्या ते दहाव्या दिवसाच्या दरम्यानचा दिवस धरावा. त्या वेळी स्तन सगळ्यात मऊ असतात. पाळी गेलेल्या बाईने महिन्याची एक तारीख ठरवून घ्यावी. आधी पाहायचे, मग चाचपायचे. पाहण्यासाठी कमरेपर्यंत दिसेल असा आरसा आणि पुरेसा उजेड हवा. कपडे काढून हात खाली सोडून उभे राहावे. मग दोन्ही हात डोक्यावर न्यावेत. मग कमरेवर ठेवून जोराने दाबावेत. शेवटच्या स्थितीत छातीचा स्नायू आखडतो, आणि आतून गाठीने धरलेली कातडी असेल तर तिथे खळी उमटते. हात नुसते खाली सोडून पाहिले तर ती खळी दिसतही नाही. दोन स्तन जन्मतःच अगदी सारखे नसतात, डावा-उजवा फरक बहुतेकींना असतो. तो फरक बदलला का, हे बघायचे असते.

चाचपायचे ते झोपून. उजवा स्तन तपासताना उजव्या खांद्याखाली घडी केलेला टॉवेल किंवा लुगड्याची घडी ठेवावी आणि उजवा हात डोक्याखाली घ्यावा. असे केल्याने स्तन छातीवर पसरतो, त्याची जाडी कमी होते आणि आतले बोटांना कळते. तपासायचे डाव्या हाताने, मधल्या तीन बोटांनी. बोटांची टोके खुपसायची नाहीत; पेरांचा आतला सपाट, मऊ भाग टेकवायचा. एकाच जागी लहान गोल फिरवत तीनदा दाब द्यायचा: आधी कातडीपुरता हलका, मग मधला, मग बरगड्या लागेपर्यंत खोल. त्यानंतर बोटे न उचलता तसूभर पुढे सरकायचे. काखेपासून सुरुवात करून वरून खाली, खालून वर, अशा उभ्या पट्ट्या पाडत छातीच्या मधल्या हाडापर्यंत यायचे. वर गळपट्टीच्या हाडापासून खाली स्तनाच्या घडीच्या जरा खालीपर्यंत सगळी जागा हाताखालून जायला हवी. स्तनाचा वरचा, काखेकडचा कोपरा सावकाश पाहावा, कारण जवळपास निम्मे कर्करोग त्याच भागात होतात. स्तनाखालच्या घडीत एक आडवा कडक पट्टा बहुतेकींना लागतो. तो नेहमीचा असतो. शेवटी हात थोडा खाली आणून काख चाचपावी. बोंड पिळून पाहायची गरज नाही. मग बाजू बदलायची. दोन्ही मिळून दहा मिनिटे पुरतात.

एवढी मोकळीक प्रत्येक घरात मिळत नाही. दोन खोल्यांचे घर, सासू-सासरे, मुले, लहानसा आरसा, आडोशापुरती न्हाणी. अशा घरात आरशासमोर उघडे उभे राहायला सांगणे म्हणजे न करण्याचे निमित्त देणे. त्या बाईने अंघोळीच्या वेळी, साबण लावलेल्या ओल्या हाताने तपासले तरी चालते. ओल्या कातडीवरून बोटे घसरतात आणि बारीक गाठही कळते. झोपून तपासायचे तर रात्री दिवा मालवल्यावर, पांघरुणाखालीही जमते. चाचपायला उजेड लागत नाही.

स्वतःची तपासणी नेमके काय साधते, याबद्दल जगभर बराच खल झाला आहे. चीनमध्ये शांघायच्या कापड गिरण्यांमधल्या २ लाख ६६ हजार कामगार स्त्रियांचा मोठा प्रयोग झाला. निम्म्या जणींना तपासणी काळजीपूर्वक शिकवली, वेळोवेळी उजळणी घेतली. उरलेल्यांना शिकवली नाही. दहा वर्षांहून अधिक काळ लक्ष ठेवून २००२ मध्ये निष्कर्ष आले. स्तनाच्या कर्करोगाने झालेले मृत्यू दोन्ही गटांत सारखेच होते, आणि शिकवलेल्या गटात साध्या गाठींसाठी सुईच्या तपासण्या मात्र अधिक झाल्या. तेव्हापासून कित्येक देशांनी दरमहा ठराविक पद्धतीने तपासलेच पाहिजे हा आग्रह सोडला आणि आपले शरीर ओळखा, बदल दिसताच दाखवा, यावर भर दिला. हा बदल योग्यच आहे. पण शांघायचा निष्कर्ष वऱ्हाडात जसाच्या तसा लावताना एक गोष्ट विसरू नये. त्या गिरण्यांतल्या बायकांना कारखान्याचा दवाखाना हाताशी होता आणि न शिकवलेल्या गटातल्या बायकाही बऱ्यापैकी लवकर येत होत्या. जिथे बाई लिंबाएवढी गाठ घेऊन येते, तिथे ओळख आणि वेळ यांचे मोल निराळे आहे.

याचा पुरावा महाराष्ट्रातच आहे. मुंबईच्या टाटा रुग्णालयाने १९९८ मध्ये शहरातल्या झोपडपट्ट्यांत ३५ ते ६४ वयाच्या १ लाख ५१ हजार ५३८ स्त्रियांवर अभ्यास सुरू केला. निम्म्या वस्त्यांत दर दोन वर्षांनी प्रशिक्षित आरोग्यसेविकांनी हाताने स्तन तपासले. या सेविका डॉक्टर नव्हत्या, दहावीपर्यंत शिकलेल्या बायका होत्या. उरलेल्या वस्त्यांत एकदा माहिती सांगितली गेली. वीस वर्षांचा हिशेब २०२१ मध्ये ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये आला. तपासलेल्या वस्त्यांत उशिराच्या टप्प्यावर सापडलेले कर्करोग ३७ टक्के होते, न तपासलेल्या वस्त्यांत ४७ टक्के. पन्नाशी ओलांडलेल्या स्त्रियांत मृत्यू जवळपास ३० टक्क्यांनी घटले. पन्नाशीच्या आतल्यांत मृत्यूंत तसा फरक दिसला नाही, हेही त्याच अहवालात आहे. मॅमोग्राफीचे, म्हणजे स्तनाचा एक्स-रे काढण्याचे, महागडे यंत्र गावोगाव नेणे शक्य नसलेल्या प्रदेशाला यातून वाट सापडते, कारण यात लागते ती शिकलेली बोटे आणि नेमाने येणारी बाई.

हीच वाट केंद्र सरकारने २०१६ च्या मार्गदर्शक सूचनांत धरली. तीस ते पासष्ट वयाच्या प्रत्येक स्त्रीची स्तनतपासणी पाच वर्षांतून एकदा उपकेंद्रावर व्हावी, असे त्यात ठरले. गावातली आशाताई घरी येऊन एक तक्ता भरते. त्यात छातीत गाठ आहे का, बोंडातून रक्त येते का, आकार बदलला का, असे तीन प्रश्न स्तनाबद्दल आहेत. तक्ता भरणारी आणि उत्तर देणारी दोघीही एकाच गावच्या, पुष्कळदा एकाच भावकीच्या. अंगणात चार माणसे बसलेली असताना हे प्रश्न विचारले तर तिन्हींचे उत्तर ‘नाही’ असेच येते. आशाताई जेव्हा ‘जरा आत चाला’ म्हणून स्वयंपाकघरात नेऊन विचारते, तेव्हा उत्तर बदलू शकते. २०१९ ते २१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या ३० ते ४९ वयाच्या स्त्रियांपैकी स्तनाची तपासणी कधीतरी करून घेतलेल्या बायका शंभरात एकही भरल्या नाहीत.

आता धोका कुणाला अधिक. बाई असणे आणि वय वाढणे ही दोन कारणे सगळ्यांत मोठी; निम्म्या रुग्णांत या दोहोंखेरीज दुसरे कारण सापडत नाही. म्हणून आजारी पडलेल्या बाईने आपले काय चुकले हे शोधत बसू नये आणि घरच्यांनीही तिला ते विचारू नये. भारतात हा आजार सरासरी पन्नाशीच्या आसपास, म्हणजे पाश्चात्त्य देशांपेक्षा सुमारे दहा वर्षे आधी दिसतो. आपली लोकसंख्या तरुण आहे, हेही त्याचे एक कारण. पाळी लवकर येणे, उशिरा जाणे, मूल न होणे, पहिले मूल तिशीनंतर होणे, अंगावर कमी पाजणे, पाळी गेल्यानंतर वजन वाढणे, दारू, पाळी गेल्यानंतर बराच काळ घेतलेली संप्रेरके, तरुणपणी छातीला दिलेला किरणोपचार, यांनी धोका वाढतो. २००२ मध्ये जगभरच्या अभ्यासांची एकत्र बेरीज केली तेव्हा दिसले, की एका बाळंतपणागणिक धोका सुमारे ७ टक्क्यांनी घटतो आणि अंगावर पाजलेल्या दर बारा महिन्यांगणिक आणखी ४ टक्क्यांच्या थोडा वर. वऱ्हाडातल्या आजीने पाच मुले वाढवली, प्रत्येकाला दोन-दोन वर्षे पाजले. नातीला एक किंवा दोन मुले असतात आणि नोकरीमुळे पाजणे सहा महिन्यांत सुटते. नातीने आजीसारखी पाच मुले होऊ द्यावीत असा याचा अर्थ कुणी काढणार नाही. पाजण्यासाठी रजा आणि आडोसा मिळावा, वजन आटोक्यात राहावे, रोज चालणे व्हावे, इतके तरी तिच्या बाजूने करता येते.

काही गोष्टींचा या आजाराशी संबंध नाही. घट्ट चोळीने, काळ्या अंतर्वस्त्राने, छातीत मोबाईल ठेवल्याने कर्करोग होत नाही. तो स्पर्शाने, एका ताटात जेवल्याने, नवऱ्याला किंवा मुलाला लागत नाही. मार लागल्याने गाठ झाली, असे पुष्कळ बायका सांगतात. बैलाचे शिंग लागले, पोराची लाथ बसली. मार लागलेल्या जागी हात जातो आणि आधीपासून असलेली गाठ तेव्हा सापडते, इतकेच. कपाशीवरच्या फवारणीचा प्रश्न वऱ्हाडात हमखास निघतो. स्तनाच्या कर्करोगाशी तिचा थेट संबंध सिद्ध झालेला नाही. मात्र त्या औषधांच्या विषबाधेने २०१७ मध्ये शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात जीव गेले, तेव्हा फवारताना तोंड-हात झाकायला दुसऱ्या कारणाची गरज नाही. आणि पुरुषांनाही हा आजार होतो; शंभर रुग्णांत एखादा पुरुष असतो. त्यांच्या छातीतल्या गाठीकडे तर कुणीच पाहत नाही.

गाठ सापडल्यापासून दवाखान्यापर्यंतचे दिवस कुठे जातात, हे वऱ्हाडाच्या कॅलेंडरात दिसते. जगभर ऑक्टोबर महिना स्तनाच्या कर्करोगाच्या जागृतीचा म्हणून पाळतात; गुलाबी फिती लागतात, शिबिरे भरतात. वऱ्हाडात त्याच महिन्यात सोयाबीनची सोंगणी उरकत असते, पाठोपाठ दिवाळी येते आणि कापसाची वेचणी सुरू होते. वेचणीची मजुरी किलोवर मिळते. एक दिवस शिबिराला गेला तर त्या दिवसाचे पैसे गेले. ‘वेचणी होऊ दे, मंग पाहू’ हे वाक्य मग जानेवारी-फेब्रुवारीपर्यंत पुरते. त्यापेक्षा संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंतचे हळदीकुंकू, बचत गटाच्या महिनेवारी बैठका, इथे बायका आपणहून जमतात आणि तिथे पुरुष नसतात. शिबिर भरवायचे तर ते तिथे भरवावे. तपासणारी बाई डॉक्टर किंवा नर्सताई असेल, तर पदर सावरण्यात वेळ जात नाही.

बाकीचे दिवस लेप, मालिश आणि गाठ विरघळवणाऱ्या पुड्यांत जातात. मालिशने गाठ विरघळत नाही. मेळघाटातल्या धारणीकडच्या कोरकू बाईला तर अमरावती गाठायला घाटरस्त्याने शंभराहून अधिक किलोमीटर यावे लागते. आणि सर्वांत जास्त दिवस जातात ते भीतीत. तपासले आणि ‘तेच’ निघाले तर काय, मुलीचे लग्न अडेल का, नवरा काय म्हणेल, या विचारात गाठ पदराआड राहते. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये जे उद्दिष्ट ठेवले, त्यात बाई पहिल्यांदा दवाखान्यात आल्यापासून ६० दिवसांत निदान व्हावे असे म्हटले आहे. ती दवाखान्यात येण्याआधीचे दिवस त्यात धरलेलेच नाहीत.

दवाखान्यात तपासणी तीन पायऱ्यांची असते आणि तीनही पुऱ्या कराव्या लागतात. आधी डॉक्टर हाताने तपासतात. मग फोटो: तरुण, घट्ट स्तनात सोनोग्राफी अधिक उपयोगी, चाळिशीपुढे मॅमोग्राफी, गरजेप्रमाणे दोन्ही. मग सुईने गाठीचा बारीक तुकडा काढून पॅथॉलॉजीत पाठवतात; हीच बायोप्सी. अमरावतीत इर्विन आणि डफरीन, अकोल्यात सर्वोपचार रुग्णालय आणि लेडी हार्डिंग ही सरकारी दारे लोकांच्या ओळखीची आहेत. सुरुवात तिथून किंवा गावच्या प्राथमिक आरोग्य केंद्रातून करता येते. सुई लावली की कर्करोग पसरतो, ही समजूत वऱ्हाडात इतकी घट्ट आहे की सुईचे नाव काढताच रुग्ण उठून जातो. सुईने कर्करोग पसरत नाही. उलट, बायोप्सी न करताच लहान दवाखान्यात गाठ कापून टाकली, ती तपासायला न पाठवता फेकून दिली, तर खरे नुकसान होते. गाठ कर्करोगाची होती का, कडा साफ निघाल्या का, कोणते औषध चालेल, हे पुढे कुणालाच सांगता येत नाही. कापलेल्या प्रत्येक गाठीचा लेखी अहवाल मागणे हा रुग्णाचा हक्क आहे, आणि तो कागद आधारकार्डाइतकाच जपून ठेवावा.

कर्करोग निघालाच तर त्याच तुकड्यावर ईआर, पीआर (कर्करोग संप्रेरकांवर वाढतो का, हे सांगणाऱ्या) आणि हर-टू (एका प्रथिनाची) या चाचण्या होतात आणि त्यांवरून औषध ठरते. संप्रेरकांवर वाढणाऱ्या कर्करोगाला टॅमॉक्सिफेनसारखी स्वस्त गोळी पाच ते दहा वर्षे घ्यावी लागते. रोज एक, विसरता कामा नये. शस्त्रक्रिया म्हणजे स्तन काढणेच, हेही आता खरे नाही. इटलीत उम्बेर्तो वेरोनेसी आणि अमेरिकेत बर्नार्ड फिशर यांनी चालवलेल्या अभ्यासांची वीस वर्षांची फलिते २००२ मध्ये आली. आजार लवकर सापडलेल्या स्त्रियांत गाठ आणि भोवतालचा थोडा भाग काढून किरणोपचार दिले, तर पूर्ण स्तन काढण्याइतकाच जीव वाचतो, हे त्यांनी दाखवले. गाठ लहान असतानाच हा पर्याय खुला असतो. केमोथेरपीत गेलेले केस काही महिन्यांत परत येतात.

खर्चाच्या धास्तीने घरी बसलेल्यांसाठी एक गोष्ट नोंदवावी लागेल. जुलै २०१२ मध्ये राज्याने राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना पहिल्यांदा आठ जिल्ह्यांत सुरू केली, त्यांत अमरावती होता. २०१७ पासून तीच महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना झाली आणि आता कुटुंबाला वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतचे उपचार तिच्यातून मिळतात. कर्करोगाची शस्त्रक्रिया, केमोथेरपी आणि किरणोपचार त्यात येतात. योजनेतल्या रुग्णालयात आरोग्यमित्राचे, म्हणजे योजनेच्या मदतनिसाचे, टेबल असते. शिधापत्रिका आणि ओळखपत्र घेऊन आधी त्याला भेटावे. बुडालेली मजुरी आणि सोबत आलेल्या माणसाचा खर्च कोणतीही योजना भरून देत नाही, आणि उपचार अर्ध्यावर सुटतात ते पुष्कळदा इथेच. एसटीत मार्च २०२३ पासून बायकांना अर्धे तिकीट आहे, आणि उपचारासाठी जाणाऱ्या कर्करुग्णाला व सोबत्याला रेल्वेत सवलत मिळते.

मोठ्या उपचारासाठी वऱ्हाडातून दोन वाटा जातात. पूर्वेची वाट नागपूरला, राष्ट्रसंत तुकडोजी प्रादेशिक कर्करोग रुग्णालयाकडे किंवा जामठ्याच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेकडे. पश्चिमेची वाट बडनेरा-अकोल्यावरून रात्रीच्या गाडीने मुंबईला, परळच्या टाटा रुग्णालयाकडे. दोन्ही टोकांना वऱ्हाडाचीच माणसे भेटतात. अमरावती जिल्ह्यातल्या यावलीत जन्मलेले तुकडोजी महाराज १९६८ मध्ये कर्करोगानेच गेले आणि नागपूरच्या रुग्णालयाला त्यांचे नाव मिळाले. शेंडगावच्या गाडगेबाबांच्या नावाने दादरला जी धर्मशाळा आहे, तिथे टाटात उपचार घेणाऱ्यांची आणि त्यांच्या नातलगांची राहण्याजेवणाची सोय होते. परक्या शहरात महिना-दोन महिने काढायचे असतात तेव्हा अशा जागेवर उपचार तडीला जाणे अवलंबून असते.

उपचार संपले तरी तपासणी संपत नाही. पहिली दोन-तीन वर्षे दर तीन ते सहा महिन्यांनी, पुढे जरा लांबून, आणि मॅमोग्राफी वर्षातून एकदा. दुसऱ्या स्तनाची घरची तपासणी चालू ठेवायची, तसेच शस्त्रक्रियेच्या व्रणाच्या कडेनेही बोटे फिरवायची. काखेतल्या गाठी काढल्या असतील तर त्या बाजूच्या हाताला सूज येण्याचा धोका कायम राहतो. कापूस वेचताना पऱ्हाटीचे वाळलेले बोंड टोचते, विळा लागतो, चुलीचा चटका बसतो. अशी लहान जखमही त्या हाताला धुऊन, झाकून जपावी, आणि हात लाल होऊन ताप आला तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे. शिकवलेले हाताचे व्यायाम सोडू नयेत.

आणि मग तिच्या रक्ताच्या नात्यातल्या बायका. शंभरातले पाच ते दहा कर्करोग आनुवंशिक असतात. त्यांत बीआरसीए-१ आणि बीआरसीए-२ या जनुकांतले दोष मुख्य. एकाच घरात दोघी-तिघींना स्तनाचा किंवा अंडाशयाचा कर्करोग झाला असेल, कुणाला फार तरुण वयात किंवा दोन्ही स्तनांत झाला असेल, घरातल्या पुरुषाला स्तनाचा कर्करोग झाला असेल, तर रक्ताच्या नमुन्यावरून या दोषांची तपासणी करता येते. ती आधी आजारी बाईची करायची. तिच्यात दोष सापडला तर मग बहिणींची आणि मुलींची. आई किंवा बहीण ज्या वयात आजारी पडली, त्याच्या सुमारे दहा वर्षे आधीपासून डॉक्टरांकडून तपासणी सुरू करावी, असा सर्वसाधारण सल्ला आहे. हे दोष आईकडून येतात तसे वडिलांकडूनही येतात, म्हणून डॉक्टरांनी घरातल्या आजारांची चौकशी केली की आई, मावशी आणि आजोळच्या आजीबरोबर आत्याचा आणि वडिलांच्या आईचा आजारही सांगावा.